मुलांसाठी भयकथा: लिहिण्यापासून स्वतः विकण्यापर्यंत

अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉनथन रँड या टोपणनावाने लिहिणारा एक लेखक आहे. त्याने २००० सालच्या सुमारास मुलांसाठी भयकथांची एक मालिका सुरू केली, ती मोठ्या प्रकाशकाकडे न देता ऑडिओक्राफ्ट या छोट्या संस्थेमार्फत स्वतःच काढली, आणि प्रत्येक पुस्तकाच्या नावात मिशिगनमधील एका ठिकाणाचे नाव घातले. मॅकिनॉ बेट, ट्रॅव्हर्स सिटी, पेटॉस्की, अल्पेना, कॅलमझू अशी ही ठिकाणे आहेत. ठिकाणाचे आणि तिथे कोसळणाऱ्या संकटाचे आद्याक्षर शक्यतो एकच असते, म्हणजे डेट्रॉइटवर डायनासोर येतात आणि अल्पेनावर एलियन. पुढे त्याने हीच युक्ती अमेरिकेच्या एकेका राज्यासाठी वापरली, शाळाशाळांतून कार्यक्रम केले आणि इंडियन रिव्हर नावाच्या गावात स्वतःच्या पुस्तकांचे दुकानही काढले.

मराठीत असे काम करू पाहणाऱ्याने या कारकिर्दीतून उचलण्यासारखी गोष्ट आहे ती भूगोलाची. अल्पेनातल्या दहा वर्षांच्या मुलाला आपल्या गावाचे नाव मुखपृष्ठावर दिसले की तो पुस्तक हातात घेतोच. आणि कथेतील संकट आपल्या ओळखीच्या रस्त्यावरून येते आहे हे कळल्यावर त्याला भीतीही अधिक वाटते. एकाच निर्णयाने कथा आणि विक्री या दोन्ही गोष्टी साधतात. देशभर एकच पुस्तक विकू पाहणाऱ्या मोठ्या प्रकाशकाला एका तालुक्यापुरती भयकथा परवडत नाही. स्वतः प्रकाशन करणाऱ्याला मात्र तीच परवडते, कारण त्याचा ग्राहक एसटीने जाऊन भेटता येईल इतक्या अंतरावर असतो. पुढील सर्व सूचना हे गृहीत धरून लिहिल्या आहेत.

ठिकाण आणि भूत

‘कोकणातील एक गाव’ असे कधीही लिहू नये. तालुका निवडावा, गावाला नाव द्यावे (ते काल्पनिक असले तरी चालेल, पण शेजारची गावे खरी असावीत), आणि त्या भागात निदान एक पावसाळा व एक उन्हाळा काढलेला असावा. शेवटची गाडी किती वाजता येते, कोणता पऱ्ह्या (ओढा) आधी भरतो, वीज गेल्यावर कोणत्या आळीत आधी येते, रात्री कोणत्या वळणावर फोनची रेंज जाते, या तपशिलांतून मुलांच्या कथेतील निम्मी भीती तयार होते. लोणारचे विवर, मुरुडजवळचा जंजिरा, माळशेजचा धुक्याने भरलेला घाट ही ठिकाणे मुलांनी सहलीत पाहिलेली असतात, म्हणून ती उपयोगी आहेत. पण माझ्या मते पर्यटनस्थळापेक्षा तालुक्याच्या गावातील बंद पडलेली जिनिंग मिल किंवा धरणाखाली गेलेल्या गावाचा उन्हाळ्यात उघडा पडणारा रस्ता अधिक चांगला. खऱ्या वाड्याचे, खऱ्या कुटुंबाचे किंवा चालू असलेल्या शाळेचे नाव मात्र वापरू नये, कारण एखाद्या घराला ‘झपाटलेले’ ठरवले की तिथे राहणाऱ्यांना त्याचा खराखुरा त्रास होतो.

भुतांची आपल्याकडे कमतरता नाही, निवड मात्र विचाराने करावी लागते. आठ ते बारा वयासाठी चकवा हे सर्वांत उत्तम पात्र आहे: तो दिसत नाही, कोणाला मारत नाही, फक्त वाट चुकवतो, आणि रात्रभर चाललेला माणूस उजाडताना निघाल्या जागीच उभा असतो. मुंजा हा मुळात मुंज झालेल्या पण लग्नाआधी मेलेल्या मुलाचा आत्मा मानला जात असल्याने वाचकाच्याच वयाचा असू शकतो, आणि पिंपळाखालचा तो मुलगा भीतिदायक असण्याबरोबर एकटाही दाखवता येतो. वेताळ आणि देवचार यांच्याबाबत सावध राहावे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, हा ग्रामदेव आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात असे मानतात. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवचाराकडेही राखणदार म्हणूनच पाहिले जाते. ज्याची घरात पूजा होते त्याला खलनायक केले तर त्या गावात पुस्तक विकले जाणार नाही हा भाग वेगळाच, पण ते लोकश्रद्धेचे चुकीचे वाचनही ठरेल. राखणदाराने मुलांना अपुरी, कोड्यासारखी मदत करावी. कथेला त्यातून कितीतरी अधिक मिळते.

बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, परधर्मीय माणूस खवीस होतो, अमुक जातीचा मेला की तमुक भूत होते, ही आपल्या भूतपरंपरेतील जुनी वर्गवारी मुलांच्या पुस्तकात आणू नये. तिच्यात भुतापेक्षा त्या काळच्या समाजाचे विधवांविषयी, स्त्रियांविषयी आणि इतर जातिधर्मांविषयीचे मत जास्त आहे, आणि नऊ वर्षांच्या वाचकाला ते वेगळे काढता येत नाही. गावाबाहेर पाल टाकून राहणारा, झोळी घेतलेला अनोळखी माणूस हेही सोपे, सवयीचे आणि घातक पात्र आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर तरी मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्याने ‘मुले पळवणारा भटक्या’ हे संकट कथेतून कायमचे काढून टाकायला हवे होते. अजूनही हस्तलिखितांत ते दिसते.

भीतीचे प्रमाण

मुलांच्या भयकथेत भीती कमी नसते. ती कुठे थांबते ते आधी ठरवलेले असते, इतकेच. मुलाचा मृत्यू दाखवू नये, पाळीव प्राण्याला मारू नये (यावर मुले माणसाच्या मृत्यूपेक्षा जास्त रागावतात), रक्ताचे वर्णन करू नये, आणि आईवडिलांपैकी कोणी खरेतर भूत होते असा शेवट दहा वर्षांखालील वाचकासाठी करू नये, कारण पुस्तक मिटल्यावर त्याला त्याच आईजवळ झोपायचे असते. घरातील मारहाण, दारू, लैंगिक अत्याचार हे विषय बालसाहित्यात यावेत की नाही हा स्वतंत्र आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. भुताच्या मागे लपवून मात्र ते आणू नयेत.

या मर्यादांच्या आत राहून पूर्ण घाबरवावे. मोठ्या माणसांना वाटते की शेवटी ‘ते भूत नव्हतेच, तो तर चोर होता’ असे सांगितले की कथा निर्धोक होते. मुलांना यात फसवणूक वाटते, आणि एकदा फसलेला वाचक मालिकेतले दुसरे पुस्तक घेत नाही. भूत असेल तर असू द्यावे. फक्त त्याला नियम असावा. ते पाणी ओलांडू शकत नाही, ते नावाने हाक मारल्याशिवाय आत येत नाही, ते खोटे बोलू शकत नाही, असा एखादा नियम कथेच्या पहिल्या तृतीयांशात सहज जाता जाता सांगून ठेवावा आणि शेवटी मुलांनी तोच वापरून सुटका करून घ्यावी. सुटका मुलांनीच करावी. शेवटच्या प्रकरणात मांत्रिक येऊन अंगारा फुंकतो आणि सर्व ठीक होते, ही रचना कथा म्हणून लंगडी आहेच, शिवाय ती शाळेच्या दारातच अडते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो काल्पनिक कथेवर बंदी घालत नाही, परंतु मांत्रिकाचा उपाय खरा ठरवणारे पुस्तक ग्रंथालयात ठेवावे का, असा प्रश्न शिक्षकांना पडला तर त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

नायक किंवा नायिका वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठी असावी. मोठी माणसे बाजूला कशी करायची ही प्रत्येक बालकथेची अडचण असते. मे महिन्याची सुट्टी आणि आजोळ हे तिचे जुने, झिजलेले पण अजूनही चालणारे उत्तर आहे. त्याला कंटाळला असाल तर शाळेची मुक्कामी सहल, क्रीडास्पर्धेसाठी परगावी गेलेला संघ, ऊसतोडीच्या हंगामात वसतिगृहात राहिलेली मुले, गणपतीच्या आदल्या रात्री मंडपात जागणारा बालगट यांकडे पाहावे. शहरातील वाचकांसाठी पुनर्विकासाला निघालेली, अर्धी रिकामी झालेली इमारत हे तर तयार नेपथ्य आहे, आणि त्यावर अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

लांबी, प्रकरणे, भाषा

आठ ते दहा वयासाठी चार-पाच हजार शब्द आणि दहा ते तेरा वयासाठी बारा ते पंधरा हजार शब्द, एवढी लांबी मी सुचवतो. प्रकरण आठशे-हजार शब्दांचे असावे, म्हणजे वर्गात एका बैठकीत मोठ्याने वाचता येते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पान उलटावेसे वाटले पाहिजे, पण ‘दार करकरत उघडले... आणि आत मांजर होते’ ही खोटी हूल संपूर्ण पुस्तकात दोनदाच वापरावी. तिसऱ्यांदा मुले ती आधीच ओळखतात आणि तसे मोठ्याने बोलूनही दाखवतात.

भीती विशेषणांतून येत नाही. ‘तेवढ्यात एक भयानक, अक्राळविक्राळ, काळीकुट्ट आकृती समोर उभी राहिली आणि सर्वांच्या काळजाचा थरकाप उडाला’ हे वाक्य वाचून कोणीही घाबरत नाही. ‘पडवीत ओल्या पावलांचे ठसे होते. सगळे घरात जाणारे; बाहेर येणारा एकही नव्हता’ हे वाचून आठ वर्षांचे मूल दाराकडे पाहते. मराठीला नादशब्दांची देणगी आहे. सळसळ, खरखर, कुजबुज, टपटप हे शब्द मोठ्याने वाचताना अर्धे काम करून जातात. मात्र एका पानावर असा एकच शब्द ठेवावा. संवाद त्या त्या भागाच्या बोलीत लिहावेत आणि निवेदन प्रमाण भाषेत ठेवावे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारे मूल आपली बोली छापलेली पाहून हरखते, आणि इतर भागांतील मुलांना निवेदनाच्या आधाराने ती समजते. बोली नीट येत नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक संवाद तपासून घ्यावा. नाटकातल्या विनोदी नोकरासारखी बोली नसलेलीच बरी.

मसुदा तयार झाला की तो मुलांना वाचून दाखवावा. स्वतःच्या मुलांना किंवा भाच्यांना दाखवून उपयोग नाही, कारण ती लेखकाला दुखवत नाहीत. ओळखीच्या शिक्षकामार्फत एखादा वर्ग मिळवावा, आणि शक्य झाल्यास स्वतः न वाचता शिक्षकांना वाचायला सांगून मागे बसून पाहावे. चुळबुळ सुरू झाली की हस्तलिखिताच्या समासात खूण करावी. ‘आवडले का’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘पुढे काय होईल असे वाटले’ आणि ‘कुठला भाग मित्राला सांगाल’ हे प्रश्न विचारावेत. कोणालाही सांगावासा न वाटलेला भाग कापावा.

शुद्धलेखनाकडे येथे प्रौढांच्या पुस्तकापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार असे अठरा नियम शाळेत शिकवले जातात. पहिल्या दहा पानांत ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दिसल्या की शिक्षक पुस्तक बाजूला ठेवतात, भूत कितीही चांगले असो. मुद्रितशोधन स्वतः करू नये, त्यासाठी पैसे मोजावेत.

चित्रकार, कागद, छपाई

मुखपृष्ठ रंगीत आणि आत सात-आठ कृष्णधवल रेखाचित्रे, एवढे पुरते. भूत चित्रात पूर्ण दाखवू नये असे चित्रकाराला आधीच सांगावे. दाराच्या फटीतला हात पुरेसा असतो. चित्रकाराशी लेखी करार करावा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते व प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच मानले जाते. मालिका काढायची असेल, पुढे ई-पुस्तक किंवा परदेशातील विक्री मनात असेल, तर या दोन ओळी करारात असल्याच पाहिजेत. तुमच्या स्वतःच्या लेखनाचा हक्क लिहिताक्षणी तुमचा असतो आणि तुमच्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही.

अक्षर मोठे ठेवावे. आठ-दहा वयासाठी १६ पॉइंट, त्याहून मोठ्या मुलांसाठी १४ पॉइंट, आणि ओळींमध्ये भरपूर जागा, कारण वेलांट्या, रफार आणि उकार एकमेकांत अडकले की नवे वाचक अडखळतात. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे युनिकोड टंक मोफत आणि छपाईसाठी खुले आहेत. बालू मथळ्यांना शोभतो, मजकुराला तिरो. काही टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे आपोआप येतात. मांडणी करणाऱ्याला फाइलची भाषा मराठी ठेवायला सांगावे आणि पहिल्याच मुद्रितात ही दोन अक्षरे तपासावीत.

आकार डेमी एक अष्टमांश (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधील वजन) नॅचरल शेड मॅपलिथो, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन ही नेहमीची आणि निर्धोक निवड आहे. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातला जाणारा ताव, १६ पानांचा असतो, म्हणून पाने ६४, ८० किंवा ९६ अशी बसवावीत. ९९ पाने झाली तर तीन पानांचा मजकूर कापणे शहाणपणाचे. ८० पानांखाली कण्यावर नाव धड मावत नाही आणि ग्रंथालयाच्या फळीवर पुस्तक हरवते, हा विचारही करावा. तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई आणि पाचशेच्या पुढे ऑफसेट हा ढोबळ हिशेब धरून किमान तीन मुद्रकांकडून लेखी दर मागवावेत, आणि त्यांनी आधी छापलेले एखादे पुस्तक मध्यभागी पूर्ण उघडून पाने सुटतात का ते पाहावे. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक असेच उघडले जाते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. तो मिळवून देण्याचे पैसे मागणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. छापील आणि ई-आवृत्तीसाठी वेगळे क्रमांक लागतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. १९५४ च्या ग्रंथवितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. अनेक स्वयंप्रकाशक हे करत नाहीत, कारण दंड नाममात्र आहे. मला हा आळस अनाकलनीय वाटतो: चार प्रतींच्या किमतीत आपले पुस्तक देशाच्या ग्रंथसंग्रहात जाते.

पैशाचे गणित

किंमत ठरवण्यापूर्वी हे उदाहरण कागदावर मांडून पाहावे. समजा, ९६ पानांच्या पुस्तकाच्या एका प्रतीची छपाई ४५ रुपये आली आणि किंमत १५० रुपये ठेवली. वितरकाने ४५ टक्के सवलत घेतली तर हाती ८२.५० रुपये येतात. छपाई वजा जाता ३७.५० रुपये उरतात. चित्रे, मांडणी आणि मुद्रितशोधनाला मिळून ३०,००० रुपये लागले असतील, तर ५०० प्रतींच्या आवृत्तीत प्रत्येक प्रतीमागे त्याचेच ६० रुपये होतात. म्हणजे सर्व प्रती वितरकामार्फत खपल्या तरी प्रत्येक प्रतीमागे २२.५० रुपयांचा तोटा आहे. तेच पुस्तक शाळेत २० टक्के सवलतीने स्वतः विकले तर १२० रुपये येतात, छपाई वजा जाता ७५ उरतात, आणि वरचे ६० काढूनही १५ रुपये हाती राहतात. दुसऱ्या आवृत्तीत चित्रांचा खर्च पुन्हा येत नाही, म्हणून खरी कमाई तिथून सुरू होते. पहिल्या आवृत्तीचा तोटा सोसणारी नोकरी किंवा दुसरे उत्पन्न असल्याखेरीज या व्यवसायात पूर्णवेळ उतरू नये.

या गणितामुळेच विक्रीचा पहिला मार्ग शाळा हाच राहतो. मुख्याध्यापकांना आधी पत्र आणि सोबत पुस्तकाची एक प्रत पाठवावी, आठवडाभराने भेटीची वेळ मागावी. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या तारखांना शाळा स्वतःच कार्यक्रम शोधत असतात, पण त्या दिवसांसाठी किमान महिनाभर आधी बोलणे झालेले असावे. ‘यातून अंधश्रद्धा पसरत नाही का’ हा प्रश्न येणारच. त्याला रागाने उत्तर देऊ नये. भुताचा नियम काय आहे आणि मुले विचार करून सुटका कशी करून घेतात ते पुस्तक उघडून दाखवावे. रत्नाकर मतकरींनी प्रौढांसाठी गूढकथा आणि मुलांसाठी चेटकीण असलेले नाटक असे दोन्ही लिहिले, आणि त्या चेटकिणीवर मुलांच्या अनेक पिढ्यांनी प्रेम केले, हे उदाहरण बहुतेक शिक्षकांना लगेच पटते.

कार्यक्रम एका तासिकेचा असावा. दहा मिनिटे वाचन, तेही प्रकरणाच्या ऐन शेवटी थांबवून; त्यानंतर मुलांनी आपापल्या गावातील ऐकलेली गोष्ट सांगायची. यात पुढच्या पुस्तकांचे कच्चे सामान मिळते, म्हणून वही जवळ ठेवावी. पैसे घेऊन विक्री वर्गात कधीही करू नये. मागणीपत्रक घरी पाठवावे, म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना इतरांसमोर अवघडावे लागत नाही, आणि शाळेच्या ग्रंथालयाला दोन प्रती भेट द्याव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत या दोन प्रतीच हातोहात फिरतात. मुलांची छायाचित्रे शाळेच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत.

दुसरा मार्ग ग्रंथालयांचा. राज्याचे ग्रंथालय संचालनालय दरवर्षी नव्या प्रकाशनांतून शासनमान्य ग्रंथांची यादी तयार करते, आणि त्यासाठी प्रकाशकांकडून पुस्तके मागवली जातात. वर्तमानपत्रातील ते निवेदन चुकवू नये. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मात्र स्वतः जावे, कारण तिथल्या ग्रंथपालाला आपल्या तालुक्यावरचे बालपुस्तक बहुधा पहिल्यांदाच दिसत असते. साहित्य संमेलनातील आणि डिसेंबरमधील पुणे पुस्तक महोत्सवातील गाळ्याचे भाडे एका पुस्तकावर निघत नाही. आणखी दोन-तीन बालसाहित्यिकांबरोबर गाळा वाटून घ्यावा. टपालाने पाठवायचे असल्यास मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञानपोस्ट सेवेची चौकशी करावी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे मूळ दर ठरले होते, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे ही तिची एक अट आहे.

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येते, पण भारतातील विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी (लेखकाचा वाटा) हवी असेल तर ई-आवृत्ती ९०-९० दिवसांच्या मुदतीने फक्त तिथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. आठ-दहा वर्षांची मुले किंडलवर मराठी वाचताना मी तरी पाहिलेली नाहीत, त्यामुळे ई-पुस्तक मुख्यतः परदेशातील मराठी पालकांसाठी आहे असे समजावे. उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांतील मुलांना देवनागरी सावकाश वाचता येते, ऐकून मात्र सर्व समजते. त्यांच्यासाठी आणि गावी मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठीही ध्वनिपुस्तक अधिक उपयोगी, कारण भयकथा मुळात ऐकण्याचीच गोष्ट आहे. ध्वनीचे हक्क कोणाला देताना ते एका पुस्तकापुरते आणि ठरावीक वर्षांपुरतेच द्यावेत. संपूर्ण मालिकेचे हक्क एकरकमी रकमेवर मागणारा करार परत पाठवावा.

प्रती घरी ठेवायच्या तर जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून सुट्या आणि जूनपूर्वी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवाव्यात, विशेषतः कोकणात. विक्रीच्या वहीत तारीख, शाळा किंवा दुकान, दिलेल्या प्रती, परत आलेल्या प्रती आणि येणे रक्कम हे पाच रकाने पहिल्या दिवसापासून असावेत. दुकानात ठेवायला दिलेल्या प्रतींचे पैसे आपणहून येत नाहीत, दर तीन महिन्यांनी विचारायला जावे लागते.

पहिले पुस्तक छापायला देण्यापूर्वी दुसऱ्याचे हस्तलिखित पूर्ण असावे, कारण ज्या शाळेत कार्यक्रम चांगला होतो तिथली मुले ‘पुढचे कधी’ हे त्याच दिवशी विचारतात आणि उत्तराला वर्षभरापेक्षा जास्त वेळ लागला तर पाचवीतला वाचक सातवीत जाऊन दुसरे काहीतरी वाचू लागलेला असतो. वर्षाला एक पुस्तक, दर वेळी शेजारचा तालुका, आणि मागच्या पुस्तकातील एखादे पात्र पुढच्यात थोडा वेळ येऊन जाणारे, अशी आखणी केली तर तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी पहिल्याची मागणी पुन्हा सुरू होते. दुसरी आवृत्ती तेव्हा काढावी. पहिल्या आवृत्तीची एक प्रत ‘दुरुस्तीची प्रत’ म्हणून वेगळी ठेवून मुलांनी आणि शिक्षकांनी दाखवलेल्या सर्व चुका तिच्यावर लाल शाईने नोंदवलेल्या असाव्यात, म्हणजे मुद्रकाकडे जाताना तीच घेऊन जाता येते.